मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांतील धोकादायक प्लाक : आपली जोखीम कशी ओळखावी आणि कशी नोंदवावी

मानेच्या धमन्यांच्या डॉप्लर तपासणीचा (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीचा) अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाऊन थांबते : धमनी किती टक्के अरुंद झाली आहे. हा आकडा महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु मागच्या वीस-तीस वर्षांत शरीरात जे घडत गेले त्याचा तो परिणाम सांगतो, कारण सांगत नाही, आणि पुढे काय होईल या प्रश्नाचे उत्तरही अर्धवटच देतो. जेमतेम ४० टक्के अरुंद झालेल्या धमनीतील मऊ, आत रक्तस्राव झालेला प्लाक, म्हणजे भिंतीत साचलेला चरबीचा थर, फुटून पक्षाघात होऊ शकतो, तर ६० टक्के अरुंद झालेली दुसरी धमनी वर्षानुवर्षे काहीही त्रास न देता तशीच राहू शकते. म्हणून खरी जोखीम जाणून घ्यायची असेल, तर टक्क्यांच्या आधी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह आणि कुटुंबाचा इतिहास यांची नोंद करावी लागते. तीही प्रत्येक घटक किती तीव्र होता आणि किती वर्षे होता, अशा दुहेरी हिशेबाने. ही नोंद एका कागदावर कशी करावी, तिच्यातील कोणत्या बाबीला किती वजन द्यावे आणि ती घेऊन डॉक्टरांना काय विचारावे, हे पुढे दिले आहे.

आधी पाहायची गोष्ट : लक्षण होऊन गेले आहे का?

जोखमीची नोंद ही ज्याला अद्याप काहीही झालेले नाही त्याने सवडीने करण्याची गोष्ट आहे. ज्याला मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित लक्षण नुकतेच होऊन गेले आहे त्याला ही सवड नसते. त्याने लिहिणे-वाचणे बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. एका डोळ्यापुढे पडदा उतरावा तसे अंधारून येऊन काही मिनिटांत दृष्टी पूर्ववत होणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे अथवा बधिर होणे, शब्द न सुचणे, बोबडे बोलणे किंवा समोरच्याचे बोलणे न कळणे ही लक्षणे प्रामुख्याने मानेतील पुढच्या धमन्यांकडे बोट दाखवतात. मागच्या धमन्यांचा प्रवाह अडला, तर अचानक तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळताना ठसका लागणे आणि चालताना एका बाजूला झोकांडी जाणे असे प्रकार होतात.

यांतली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे लक्षण आपोआप ओसरणे. दहा मिनिटांत हात पुन्हा चालू लागला की माणूस थकव्याला किंवा उन्हाला दोष देऊन झोपी जातो. परंतु या तात्पुरत्या झटक्यानंतर पूर्ण पक्षाघात होण्याची शक्यता पहिल्या ४८ तासांतच सर्वाधिक असते. म्हणून लक्षण ओसरले तरी त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी. लक्षण चालू असेल तर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता ती वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत शक्य असतो, त्यामुळे डॉक्टरांचा पहिला प्रश्न या वेळेबद्दलच असतो. या गडबडीत घरातील अॅस्पिरिन स्वतःहून देऊ नये. झटका गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे स्कॅन केल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

प्लाक कुठे बसतो आणि धोकादायक केव्हा होतो

मेंदूला चार धमन्या रक्त पोहोचवतात. पुढच्या दोन कॅरोटिड धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर चढतात आणि मागच्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मणक्यांच्या छिद्रांतून जाऊन कवटीत एकत्र येतात. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या स्थितीतही शरीरातील सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, यावरून या चार वाटांचे मोल लक्षात यावे. कॅरोटिड धमनी कंठमण्याच्या साधारण वरच्या पातळीला दुभागते. तिथे ती किंचित फुगीर असते, रक्ताचा प्रवाह बाहेरच्या भिंतीलगत मंदावतो, मागेपुढे हेलकावतो आणि नेमक्या त्याच भिंतीत प्लाक धरतो. संपूर्ण शरीरात सारखेच रक्त फिरत असताना ठरावीक वळणांवर आणि फाट्यांवरच थर का जमतो, याचे उत्तर प्रवाहाच्या या वागण्यात आहे.

प्लाकची तुलना नेहमी गंजून चोंदलेल्या नळाशी केली जाते आणि ती दिशाभूल करणारी आहे. नळातला गंज आतल्या पृष्ठभागावर साचतो. प्लाक धमनीच्या भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली वाढतो. एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉलचे कण अस्तरातून आत शिरतात, तिथे अडकतात, त्यांच्यात रासायनिक बदल होतात, त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच मरतात आणि या मऊ गाभ्यावर शरीर तंतूंचे एक झाकण तयार करते. झाकण जाड असेल तर प्लाक स्थिर राहतो. ते पातळ झाले, खालचा गाभा मोठा असला किंवा आत रक्तस्राव झाला, तर झाकण फाटते, गाभ्याचा रक्ताशी संबंध येताच गुठळी बनते आणि तिचे तुकडे प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकतात. मानेतील प्लाकमुळे होणारे पक्षाघात बहुतांशी असे होतात. केवळ वाट अरुंद झाल्याने रक्त कमी पडले, असे तुलनेने कमी वेळा घडते. घासून साफ करण्याचे किंवा ‘नळी मोकळी करणारे’ जे उपाय सुचवले जातात ते या एका कारणाने निरर्थक ठरतात. मानेला जोरात मालीश करणे तर टाळावेच.

मेंदूच्या आतील धमन्यांतही हाच आजार होतो आणि जगाचा विचार करता तो पक्षाघाताच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. आशियाई, आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत तो युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक आढळतो. मानेतील प्लाकशी धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचे नाते अधिक ठळक दिसते, तर कवटीच्या आतील प्लाकशी मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पोटाच्या घेराबरोबर येणारे चयापचयाचे बिघाड यांचे. ही विभागणी काटेकोर नाही, परंतु मधुमेह असलेल्याने मानेचे डॉप्लर स्वच्छ आले म्हणून निश्चिंत होऊ नये, इतका व्यावहारिक अर्थ तिच्यातून निघतो. मानेचे डॉप्लर कवटीच्या आत पाहतच नाही.

नोंदीचा पहिला आणि सर्वांत मोठा रकाना : रक्तदाब

एकाच घटकाकडे लक्ष देण्याइतकी ताकद कोणाकडे असेल, तर माझ्या मते ती रक्तदाबावर खर्च करावी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की ४० ते ६९ वर्षे वयोगटात वरचा रक्तदाब दर २० अंकांनी वाढला की पक्षाघाताने मृत्यू येण्याची जोखीम दुपटीहून अधिक होते, आणि हे नाते ११५ च्या आसपासच सुरू होते. म्हणजे ‘१४० च्या आत आहे’ हे वाक्य जितके दिलासादायक वाटते तितके ते नसते.

दवाखान्यात घाईघाईने घेतलेल्या एका आकड्यावर ही नोंद बेतू नये. घरी दंडावर बांधायचे, प्रमाणित केलेले यंत्र वापरावे. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवी करून घ्यावी आणि पाठीला टेकू देऊन, पाय जमिनीवर सपाट ठेवून, एकावर एक न टाकता, पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीत, टेबलावर टेकलेला असावा. बोलू नये, फोनवरचे बोलणेही त्यात आले. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, सकाळी औषध घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, असे सलग सात दिवस करावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर तो उच्च रक्तदाब समजला जातो.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे. दोन्ही दंडांच्या वरच्या आकड्यांत १५ किंवा त्याहून अधिक फरक वारंवार येत असेल, तर हाताकडे जाणारी धमनीच अरुंद झालेली असू शकते, आणि जिथे एक धमनी अरुंद असते तिथे मानेतीलही असण्याची शक्यता वाढते. ही तपासणी काही खर्च न करता होते, तरीही ती क्वचितच केली जाते. पुढची मोजणी ज्या दंडावर आकडा अधिक येतो त्यावरच करावी.

सरासरीच्या शेजारी दुसरा आकडा लिहावा : रक्तदाब वाढल्याचे प्रथम कळले ते वर्ष, आणि त्यानंतर औषध न घेता किंवा अनियमित घेऊन गेलेली अंदाजे वर्षे. डॉक्टरांना बहुधा आजचा रक्तदाब दिसतो. धमनीच्या भिंतीने मात्र ही सगळी वर्षे सोसलेली असतात.

कोलेस्टेरॉल : कोणता आकडा पाहावा

एकूण कोलेस्टेरॉल पाहून निष्कर्ष काढण्याची सवय सोडावी. पाहायचे ते एलडीएल आणि त्याच्या जोडीला नॉन-एचडीएल. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, एका सूत्राने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातील चरबीचा पाचवा हिस्सा वजा करायचा. समजा एकूण २२०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड २५० आहे. एलडीएल येते १३०, जे अनेकांना ‘थोडे वाढलेले’ वाटून ते विसरून जातात. परंतु एकूण वजा एचडीएल, म्हणजे नॉन-एचडीएल, १८० आहे, आणि धमनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण याच १८० मध्ये मोजले जातात. सर्वसाधारणपणे नॉन-एचडीएल हे एलडीएलपेक्षा ३० ने अधिक असणे अपेक्षित असते. इथे अंतर ५० आहे. पोटाचा घेर मोठा असलेल्या आणि मधुमेह असलेल्या लोकांत असे अंतर वारंवार दिसते, आणि तेव्हा एकट्या एलडीएलवर विसंबणे चुकीचे ठरते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र लागूच पडत नाही. मग एलडीएल थेट मोजून घ्यावे.

नोंदीत सर्वांत जुना अहवाल शोधून लिहावा, शक्य असल्यास औषध सुरू होण्यापूर्वीचा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) घेत असताना आलेले ८० हे आजच्या उपचाराचे यश आहे, परंतु त्यापूर्वी पंचवीस वर्षे एलडीएल १७० असेल, तर ती मागील बाकी पुसली जात नाही. औषधापूर्वीचे एलडीएल १९० किंवा अधिक असेल, तर आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलची शंका घ्यावी. उलट बाजूने पाहिले, तर आशा वाटावी असा भागही आहे : स्टॅटिनच्या अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण सांगते की एलडीएल सुमारे ३९ अंकांनी कमी झाले की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना पाचव्या हिश्शाहून थोड्या अधिक घटतात. प्लाकमुळे पक्षाघात किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या रुग्णांत एलडीएल ७० च्या खाली ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

यासोबत आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्या कणाची तपासणी करून घ्यावी. तिचे प्रमाण मुख्यत्वे जनुकांवर ठरते, आहार-व्यायामाने ते फारसे हलत नाही, आणि साधारणतः पाचपैकी एका व्यक्तीत ते वाढलेले असते. प्रति डेसिलिटर ५० मिलिग्रॅमच्या वर आले, तर बाकीचे सर्व घटक अधिक कडकपणे आटोक्यात ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. घाबरून पुन्हा पुन्हा मोजण्यात काही हशील नाही.

तंबाखू

इथे हिशेब सरळ आहे. रोजच्या सिगारेटची संख्या २० ने भागावी आणि वर्षांनी गुणावी : रोज १० सिगारेट ३० वर्षे ओढल्या, तर तो आकडा १५ येतो. मात्र या गुणाकाराचा आधार घेऊन ‘मी दिवसाला एकच ओढतो’ असे समाधान करून घेऊ नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात रोज एक सिगारेट ओढणाऱ्याची पक्षाघाताची वाढीव जोखीम ही वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या हिश्श्याएवढी नव्हे, तर निम्म्याच्या आसपास आढळली होती. धूर धमनीच्या अस्तराला इजा करतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतो, आणि यासाठी त्याला मोठी मात्रा लागत नाही. चघळण्याची तंबाखू आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचा धूर हेही नोंदीत लिहावेत. सोडली असेल तर सोडल्याचे वर्ष लिहावे, कारण पक्षाघाताची जोखीम सोडल्यानंतर काही वर्षांतच लक्षणीय उतरते.

मधुमेह, कंबर, मूत्रपिंड आणि झोप

उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा एचबीए१सी ही रक्ततपासणी अधिक उपयोगी पडते, कारण ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह आणि ५.७ ते ६.४ म्हणजे त्याची पूर्वपायरी. इथेही निदानाचे वर्ष लिहावे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी : साखर आटोक्यात ठेवणे डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांच्यासाठी अत्यावश्यक आहेच, परंतु पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत मधुमेहींना खरा लाभ रक्तदाब आणि एलडीएल खाली आणण्यातून अधिक मिळतो. साखरेचे आकडे चोख आणि रक्तदाब १५०, अशी नोंद समाधानाची नाही.

कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर मोजावा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्तावरून काढलेला मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग यांची वर्षातून एकदा नोंद ठेवावी, कारण मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या बिघडल्या असतील तर मोठ्या धमन्याही सहसा सुटलेल्या नसतात. झोपेतला घोरण्याचा आवाज मध्येच थांबून गुदमरल्यासारखा श्वास पुन्हा सुरू होतो का, हे झोपणाऱ्याला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारावे. झोपेतील श्वासरोधामुळे रात्रीचा रक्तदाब उतरत नाही, आणि औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे अनेकदा तोच असतो. शारीरिक हालचालीचा अभाव आणि मद्यपान यांची नोंद आठवड्याच्या हिशेबाने करावी.

जे बदलत नाही, आणि जे कोणी विचारत नाही

वय, पुरुष असणे आणि कुटुंबाचा इतिहास यांवर इलाज नाही, पण त्यांची नोंद हवी. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झाला असेल तर तसे लिहावे. स्त्रियांची जोखीम रजोनिवृत्तीनंतर वेगाने वाढत जाते. हृदयाच्या धमनीत ब्लॉकेज असणे, बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेली असणे, चालताना पोटरीत दुखून थांबल्यावर बरे वाटणे, या गोष्टी मानेशी संबंधित नाहीत असे समजून रुग्ण त्या सांगत नाहीत. आजार एकच आहे. फक्त जागा निराळी आहे.

विचारले न जाणारे आणखी काही प्रश्न असे. घसा, तोंड, थायरॉइड किंवा मानेतील गाठी यांच्या कर्करोगासाठी मानेवर किरणोपचार घेतले आहेत का? घेतले असतील, तर कॅरोटिड धमनीत कित्येक वर्षांनी प्लाक धरू शकतो, आणि तोही नेहमीच्या दुभाग्यापुरता मर्यादित न राहता धमनीच्या लांब भागात पसरलेला असतो. संधिवात किंवा ल्युपससारखा दीर्घकालीन दाहाचा आजार आहे का? एचआयव्हीचा संसर्ग आहे का? गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाळंतपणानंतर तीस वर्षांनीही उपयोगाचे असते.

होमोसिस्टीन (रक्तातील एक अमिनो आम्ल), हिरड्यांचा आजार, हवेचे प्रदूषण यांचाही प्लाकशी संबंध आढळला आहे. २०२४ साली इटलीतील संशोधकांना शस्त्रक्रियेने काढलेल्या कॅरोटिड प्लाकमध्ये प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले आणि ज्यांच्या प्लाकमध्ये ते होते त्यांना पुढे हृदयविकार व पक्षाघात अधिक झाले. संशोधन लक्षवेधी आहे, परंतु ते संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही; ज्याचा रक्तदाब अजून मोजलेला नाही त्याने प्लास्टिकची चिंता करण्यात अर्थ नाही.

मानेची तपासणी कोणी करावी, आणि अहवाल कसा वाचावा

कोणतेही लक्षण नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांनी केवळ खात्री म्हणून मानेचे डॉप्लर करू नये, असा सल्ला अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृती दलाने दिला असून २०२१ साली तो पुन्हा कायम केला. कारण असे की या गटात तीव्र अरुंदपणाचे प्रमाण जेमतेम एका टक्क्याच्या आसपास असते. त्यामुळे खोट्या इशाऱ्यांची संख्या वाढते, त्यांतून पुढच्या तपासण्या आणि कधी कधी शस्त्रक्रियाही होतात, आणि त्या शस्त्रक्रियेनेच पक्षाघात होण्याचा धोका असतो. ज्यांना लक्षण होऊन गेले आहे, स्टेथोस्कोप लावल्यावर मानेत सूं-सूं असा आवाज ऐकू येतो, मानेवर किरणोपचार झाले आहेत किंवा अनेक घटक एकत्र आले आहेत, त्यांच्याबाबत डॉक्टर निराळा निर्णय घेऊ शकतात. आवाज नाही म्हणजे प्लाक नाही, असे मात्र नव्हे.

अहवालात आधी बाजू पाहावी : उजवी की डावी. डाव्या हातापायांची लक्षणे उजव्या धमनीमुळे होतात, पण डोळ्याचा पडदा त्याच बाजूच्या धमनीमुळे येतो. नंतर आतील कॅरोटिड धमनीतील रक्ताचा कमाल वेग पाहावा. अनेक ठिकाणी १२५ सेंटिमीटर प्रतिसेकंद ही ५० टक्क्यांची आणि २३० ही ७० टक्क्यांची सीमा मानली जाते, तरी प्रयोगशाळांचे निकष वेगळे असू शकतात; म्हणून पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी करावी. ५० टक्क्यांखाली सौम्य, ५० ते ६९ मध्यम आणि ७० ते ९९ तीव्र, अशी साधारण वर्गवारी आहे.

त्यानंतर जे शब्द वाचले जात नाहीत ते वाचावेत. प्लाक ‘कॅल्सिफाइड’ असल्याचे वाचून लोक धसका घेतात, वास्तविक कॅल्शियमने कडक झालेला प्लाक बहुधा अधिक स्थिर असतो. चिंतेचे शब्द आहेत ते ‘हायपोएकोइक’ किंवा ‘मऊ प्लाक’, ‘अल्सरेटेड’ (व्रण पडलेला), ‘खडबडीत पृष्ठभाग’, आणि एमआरआय केला असेल तर ‘प्लाकमध्ये रक्तस्राव’. मागच्या अहवालाच्या तुलनेत अरुंदपणा वाढला असेल, किंवा त्याच बाजूला स्कॅनमध्ये नकळत होऊन गेलेल्या लहान पक्षाघाताची खूण दिसत असेल, तर तेही गंभीरच. धमनी १०० टक्के बंद आढळल्यास सहसा तिच्यावर शस्त्रक्रिया केली जात नाही.

मानेतील प्लाक काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलचा निर्णय लक्षणांवर फार अवलंबून असतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, लक्षणे होऊन गेलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंदपणा असलेल्या रुग्णांत दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण केवळ औषधांवर २६ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के होते. हा लाभ लक्षणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक मिळतो, म्हणून इथे ‘महिनाभर पाहू’ हे धोरण महागात पडते. लक्षणे नसलेल्यांत मात्र लाभ कितीतरी लहान असतो आणि चांगल्या औषधोपचाराने तो आणखी लहान झाला आहे. कवटीच्या आतील धमन्यांबाबत २०११ सालच्या चाचणीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू आला. केवळ औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. त्यामुळे तिथे पहिला उपचार औषधांचाच राहतो.

नोंद घेऊन डॉक्टरांकडे जाताना

कागदावर आता रक्तदाबाची आठवड्याची सरासरी, एलडीएल व नॉन-एचडीएल, एचबीए१सी, तंबाखूचा हिशेब, प्रत्येकापुढे वर्षे, आणि खाली कुटुंबाचा व जुन्या आजारांचा इतिहास आहे. डॉक्टरांना विचारायचे ते इतके : माझा रक्तदाब आणि एलडीएल नेमके किती असावे? सध्याच्या औषधांनी ते तिथे पोहोचले नाही, तर पुढचा टप्पा कोणता आणि केव्हा? रक्त पातळ करणारे औषध मला लागू आहे का? लक्षण नसलेल्या प्रत्येकाला अॅस्पिरिन लागत नाही आणि त्याने पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते स्वतःहून सुरू करू नये. लिहून दिलेले असेल तर दात काढण्यासारख्या कारणासाठीही डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. नाडी अनियमित लागत असेल तर तेही सांगावे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे होणारा पक्षाघात प्लाकशी संबंधित नसतो आणि त्याचे औषधही वेगळे असते.

नवे औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा तपासून नोंदीत भर घालावी. स्टॅटिनने स्नायू दुखू लागले असे वाटल्यास गोळी परस्पर बंद न करता तारखेसह लिहून ठेवावे. मात्रा कमी करून किंवा दुसरे स्टॅटिन देऊन बहुतेकांना औषध चालू ठेवता येते. औषधापूर्वीचे एलडीएल १९० च्या वर असेल किंवा लायपोप्रोटीन (ए) वाढलेले असेल, तर या कागदाची एकेक प्रत सख्ख्या भावंडांना आणि मुलांना द्यावी आणि त्यांनीही आपले आकडे तपासून घ्यावेत. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलमध्ये ही तपासणी मुले लहान असतानाच केली जाते.